अलाकू ते हलाखी

हम्मुराबीच्या कायद्याचा काळा दगड सव्वादोन मीटर उंच आहे. बाबिलोनच्या या राजाने इ.स.पू. १७९२ ते १७५० अशी राजवट केली. पुढे केव्हातरी शेजारच्या एलाम राज्याच्या राजाने तो दगड लुटून नेला आणि १९०१-०२ मध्ये फ्रेंच उत्खननात तो इराणमधल्या सूसा इथे सापडला. आता तो पॅरिसच्या लूव्रमध्ये उभा आहे. त्यावरचं सव्विसावं कलम सैनिकांबद्दल आहे. ज्या शिपायाला राजाच्या मोहिमेवर 'जायला' सांगितलं आहे तो 'गेला' नाही, किंवा त्याने भाड्याचा माणूस आपल्या जागी पाठवला, तर त्याला मृत्युदंड, आणि त्याचं घर त्या बदली माणसाला. मूळ मजकुरात 'अलाकशू' म्हणजे त्याचं जाणं, आणि लगेच पुढे 'ला इल्लिक', गेला नाही. एकाच ओळीत एकाच क्रियापदाची दोन रूपं, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत माणसाचा जीव अडकलेला.

मी अक्कादी शिकायला लागले तेव्हापासून 'अलाकू', म्हणजे 'जाणे', या क्रियापदाने मला धरून ठेवलं आहे. कुठल्याही भाषेतलं हे सर्वांत वापरून गुळगुळीत झालेलं क्रियापद. पण याच्या मागे मागे गेलं की जमीन, कर, धर्मशास्त्र, मरण अशा गोष्टी भेटत जातात, आणि शेवटी आपल्या रोजच्या मराठीतला एक शब्दही भेटतो.

अक्कादी ही आजच्या इराकच्या मातीतली भाषा. बाबिलोन आणि असीरियाचे लोक ती बोलत आणि ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूच्या टोकाने ठसे उमटवून लिहीत. अरबी, हिब्रू, अरामी, सीरियाच्या किनाऱ्यावरची उगारिती या सगळ्या तिच्या बहिणी. या कुटुंबात शब्दाचा गाभा म्हणजे बहुधा तीन व्यंजनं. आपल्या क्रियापदाची तीन व्यंजनं ह, ल, क. हिब्रूत 'हालख' म्हणजे तो गेला. अरामीत 'हलख'. मग अक्कादीत 'अलाकू' का? कारण अक्कादीच्या उच्चारातून 'ह'सारखी घशातली व्यंजनं फार लवकर झिजून गेली. अक्कादी लोक शतकानुशतकं सुमेरियन लोकांच्या शेजारी राहिले, लिपीही त्यांच्याकडूनच घेतली, आणि त्या शेजाराचा हा परिणाम असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण 'ह' गेला तो मुकाट्याने गेला नाही. 'ह' किंवा तत्सम व्यंजन सुरुवातीला असलेली बाकीची क्रियापदं अक्कादीत एका ठरलेल्या वाटेने जातात. 'अकालू' म्हणजे खाणे. 'ईकुल' म्हणजे त्याने खाल्लं. व्यंजन गेलं आणि त्याची भरपाई म्हणून स्वर लांबला. या हिशोबाने 'तो गेला' हे 'ईलिक' व्हायला हवं. होतं मात्र 'इल्लिक'. स्वर लांबायच्या ऐवजी 'ल'चं द्वित्त. वर्तमानात 'इल्लक', भूतकाळात 'इल्लिक', मध्ये 'त' घालून 'इत्तलक', आणि पुन्हा पुन्हा, इकडेतिकडे फिरत राहण्यासाठी 'इत्तनल्लक'. हे शेवटचं रूप मोठ्याने म्हणून पाहावं. त्याच्या नादातच येरझारा आहेत.

बहिणींकडे पाहिलं की आणखी गंमत दिसते. हिब्रूत 'हालख' म्हणताना 'ह' शाबूत असतो, पण 'तो जाईल' म्हणताना 'येलेख' होतं आणि 'ह' गळतो. आज्ञा द्यायची तर नुसतं 'लेख': जा. बायबलमधल्या अरामीत 'यहाख' असं रूप येतं, तिथे 'ह' टिकतो आणि मधला 'ल' नाहीसा होतो. म्हणजे एकीने पहिलं व्यंजन कायमचं टाकलं, दुसरीने काही रूपांत टाकलं, तिसरीने मधलंच टाकलं. व्याकरणाची पुस्तकं याला अनियमित क्रियापद म्हणून वेगळ्या रकान्यात बसवतात. मला वाटतं, ज्या क्रियापदावाचून माणसाचा घटकाभरही निभाव लागत नाही त्याच्यावर जिभेचा एवढा वावर होतो की ते नियमात राहूच शकत नाही. मराठीत आपण 'जातो' म्हणतो आणि भूतकाळात 'गेला' म्हणतो. 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गत'वरून. दोन वेगळे धातू एका क्रियापदात नांदतात आणि आपल्याला त्याचं कधी काही वाटत नाही.

लिखाणातही या क्रियापदाची एक खूण आहे. लेखनिकांना दरवेळी 'अलाकू' अक्षर अक्षर लिहायचं नसेल तर ते एक सुमेरियन चिन्ह वापरत. ते चिन्ह सर्वांत जुन्या पाट्यांवर माणसाच्या पावलाचं चित्र आहे. टाच, तळवा, घोटा. पुढे बोरूच्या ठशांत ते चित्र मोडत मोडत काही रेघा आणि पाचरी उरल्या, पण पाऊल कुठे होतं हे माहीत असलं की ते दिसतं. हेच चिन्ह सुमेरियनमध्ये 'जाणे', 'उभं राहणे' आणि 'आणणे' अशा तिन्ही अर्थांनी वाचलं जाई. पाऊल चालतं, थांबतं, काहीतरी घेऊन येतं. कुठला अर्थ घ्यायचा ते वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं.

ही लिपी वाचता आली त्यात मुंबईचाही एक धागा आहे. हेन्री रॉलिन्सन १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला, इथेच फारसीत तयार झाला आणि पुढे इराणात गेल्यावर बेहिस्तूनच्या कड्यावरचा, अक्कादीसह तीन भाषांत कोरलेला लेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवून घेतला. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्याच्यासह चौघांना असीरियाचा राजा तिग्लथ-पिलेसर पहिला याचा एकच लेख दिला. चौघांनी आपापली भाषांतरं एकमेकांना न दाखवता पाठवली आणि ती पुरेशी जुळली. अक्कादी वाचता येते, याबद्दलची शंका त्यानंतर फारशी कुणी घेतली नाही. असीरियाच्या राजांचे असे लेख वाचताना 'अल्लिक' हे रूप पानोपानी भेटतं: मी गेलो. या देशावर गेलो, त्या डोंगरात गेलो. त्यापुढे जळालेली गावं आणि लुटीच्या याद्या. त्या लेखांतलं 'जाणं' मला वाचवत नाही. मी तिथे फार रेंगाळत नाही.

मला रेंगाळावंसं वाटतं ते पत्रांपाशी.

अक्कादीत 'येणे' सांगण्यासाठी वेगळं क्रियापद काढायची गरज नसते. 'जाणे'लाच एक छोटं शेपूट लावलं की ते बोलणाऱ्याच्या दिशेने वळतं. 'इल्लिक' म्हणजे तो गेला. 'इल्लिकम' म्हणजे तो इकडे आला. 'अलिक' म्हणजे जा. 'अल्कम' म्हणजे ये. पाऊल तेच, फक्त तोंड माझ्याकडे. ज्या पत्रांतून हजारो माणसं एकमेकांना बोलावत होती त्यांत हे शेपूट सतत दिसतं.

तुर्कस्तानात कायसेरीजवळ कुलतेपे नावाचं टेकाड आहे, जुनं कानेश. तिथे असीरियन व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून जास्त पाट्या मिळाल्या, इ.स.पू. एकोणिसाव्या शतकाच्या आसपासच्या. अश्शूर शहरातून गाढवांवर कथील आणि कापड लादून हे लोक हजार किलोमीटर चालत अनातोलियात जात आणि चांदी-सोनं घेऊन परत पाठवत. वाट, तांडा आणि मोहीम या तिन्हींना त्यांचा एकच शब्द होता, 'खर्रानू'. पुरुष वर्षानुवर्षं तिकडे. बायका मागे अश्शूरमध्ये घर चालवत, कापड विणवून घेत, हिशोब ठेवत आणि पत्रं लिहीत.

त्यातलं एक पत्र तराम-कुबी आणि शिमत-अश्शूर या दोघींनी इम्दी-इलुम या व्यापाऱ्याला लिहिलं आहे. त्या सांगतात, इथे आम्ही कौल लावणाऱ्या बायकांना विचारतो, शकुन पाहणाऱ्यांना विचारतो, पितरांना विचारतो, आणि अश्शूर देव तुला वारंवार बजावतो आहे: तुझा पैशावर जीव आहे आणि स्वतःच्या जिवाचा तुला तिटकारा आहे. इथे, आपल्या शहरात राहून तुला देवाला राजी नाही का ठेवता येत? मग विनवणी: हे पत्र ऐकलंस की निघून ये, देवाचं दर्शन घे आणि जीव वाचव.

'निघून ये' या जागी जे रूप आहे ते आपल्याच क्रियापदाचं, 'अतल्कम'. त्या एका शब्दात दोन गोष्टी एकत्र आहेत. मधला 'त' सांगतो की आहेस तिथून नीघ, ती जागा सोड. शेवटचं 'अम' सांगतं की इकडे, आमच्याकडे. सगळं पत्र त्या दोन अक्षरांसाठी लिहिलं आहे असं मला वाटत राहतं. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलाशी फोनवर बोलणाऱ्या आपल्याकडच्या घरांना या पत्राची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

आता परत हम्मुराबीच्या दगडाकडे. सव्विसाव्या कलमापाठोपाठ जी कलमं येतात त्यांत 'इल्कू' हा शब्द येतो. 'अलाकू'वरूनच तयार झालेलं नाम, म्हणजे शब्दशः 'जाणं'. पण अर्थ असा की राजाने कसायला जमीन दिली आहे, तिच्या बदल्यात राजाची चाकरी करायची, बोलावलं की जायचं. आपल्याकडे वतन म्हटलं की जमीन आणि तिला जोडलेलं काम दोन्ही डोळ्यांसमोर येतं, तसं हे. ही चाकरी बजावणे याला अक्कादीत म्हणत 'इल्कम अलाकुम', जाणं जाणे. मराठी कानाला हे विचित्र वाटू नये. आपणही चाल चालतो, खेळ खेळतो.

ही कलमं मी कितीदा वाचली असतील. राजाच्या कामगिरीवर असताना शिपाई शत्रूच्या हाती सापडला. मागे त्याचं शेत, बाग दुसऱ्याला दिली आणि तो त्याचं इल्कू 'जाऊ' लागला. पहिला परत आला तर शेत-बाग त्याची त्याला परत. दुसरीकडे, इल्कूला कंटाळून कुणी स्वतःच शेत, बाग, घर टाकून निघून गेला आणि दुसऱ्याने तीन वर्षं ती चाकरी केली, तर परत येऊन मागितलं तरी मिळणार नाही. एकच वर्ष गेलं असेल तर मात्र परत मिळेल. नेलेला आणि गेलेला यांत कायदा फरक करतो. आणि एकोणतिसावं कलम: कैद झालेल्या शिपायाचा मुलगा लहान असेल, बापाचं इल्कू त्याला झेपत नसेल, तर शेताचा आणि बागेचा तिसरा हिस्सा त्याच्या आईला द्यावा, आणि आईने त्याला वाढवावं. हम्मुराबी म्हटलं की लोकांना डोळ्याच्या बदल्यात डोळा एवढंच आठवतं. मला आधी हा तिसरा हिस्सा आठवतो. बाप मोहिमेवर गेला, मुलाला अजून जाता येत नाही, आणि या दोन जाण्यांच्या मधली वर्षं एका बाईने काढायची आहेत. दगडावर ते लिहून ठेवावंसं कुणाला तरी वाटलं.

इल्कू पुढे हजार वर्षांहून जास्त टिकलं, पण त्यातलं चालणं हळूहळू निघून गेलं. इराणी सम्राटांच्या काळात, इ.स.पू. पाचव्या शतकात, निप्पूर शहरात मुराशू नावाच्या घराण्याची सावकारी पेढी होती. तिच्या पाट्यांवर धनुर्धारी सैनिकाच्या चाकरीसाठी दिलेल्या जमिनी येतात, आणि त्यांच्यावरचं इल्कू चांदीत भरलेलं दिसतं. जाण्याऐवजी पैसे. त्याच काळात साम्राज्याचा कारभार अरामीत चाले. अरामी लेखनिकांनी हा शब्द घेतला आणि लिहिला 'हलाख'. अक्कादीने दीड-दोन हजार वर्षांपूर्वी टाकलेला 'ह' परत आला! शब्द परका असला तरी त्यातलं आपलं 'जाणं' त्यांना ओळखू आलं असावं. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात यरुशलेमविरुद्ध राजाला लिहिलेलं तक्रारीचं पत्र आहे. या लोकांनी तटबंदी पुरी केली तर ते 'मिंदा, ब्लो आणि हलाख' भरणार नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. तीन करांची नावं, तिसरं आपलं.

हिब्रूत या धातूला वेगळंच तेज आलं. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामला म्हणतो, 'लेख-लखा': तू आपला देश, आपलं गणगोत, आपल्या बापाचं घर सोडून जा. तेव्हा तो हारान गावात आहे, आणि हारान हे नाव त्याच 'खर्रानू'चं, वाटेचं. त्याच पुस्तकातले पूर्वज हनोख आणि नोहा देवाबरोबर चालले, असं म्हणतानाही हाच धातू, पण सतत वावरण्याच्या रूपात. आणि ज्यू धर्मशास्त्राला म्हणतात 'हलाखा'. काय खावं, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, कसा पाळावा, लग्न कसं लागतं, या सगळ्याचं नाव म्हणजे चालायची रीत. आपण 'चालीरीती' म्हणतो त्यातली चाल. तल्मूद या ज्यू धर्मग्रंथाच्या काही अभ्यासकांनी असंही सुचवलं आहे की हलाखाचं मूळ त्या करात, 'हलाख'मध्ये असावं, म्हणजे ठरवून दिलेलं देणं. मला स्वतःला चालण्याचा अर्थच जवळचा वाटतो, कारण बाबिलोनमध्येही 'अलक्तू' हा शब्द वाटचाल आणि वागणूक अशा दोन्ही अर्थांनी होता. एका बाबिलोनी काव्यात निष्पाप असून हालअपेष्टा भोगणारा माणूस विचारतो, देवाची अलक्तू मर्त्य माणसांना कुठे शिकायला मिळाली? करदात्याला असा प्रश्न पडत नाही.

हलाखा शब्दाने कोकणातल्या बेने इस्रायलींना फार त्रास भोगायला लावला. अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूची ही मराठी बोलणारी ज्यू माणसं, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण तयार केलं ते मुख्यतः याच समाजासाठी. इस्रायल झाल्यावर त्यांतले पुष्कळ तिकडे गेले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या लग्नांबद्दल हलाखाच्या आधारे शंका काढली. पिढ्यांमागे जाऊन वंशाची चौकशी करा, असा आदेश निघाला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलींनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला, आणि ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचं स्पष्ट केलं. शास्त्राचं नाव 'चालणं' असूनही ते एका जागी अडून बसलं होतं आणि माणसांना त्याच्यापुढे बसून राहावं लागलं, याची मला आजही चीड येते.

राहिली अरबी. तिथे हाच धातू, ह-ल-क, पण 'हलक' म्हणजे तो नष्ट झाला, मेला. जाण्यासाठी अरबीत दुसरी क्रियापदं आहेत. हे एक मरणासाठी राखून ठेवलं आहे. कुराणात अठ्ठाविसाव्या सूरेत त्याच्या मुखाखेरीज प्रत्येक वस्तू 'हालिक' आहे असं म्हटलं आहे, म्हणजे नाशवंत. हे अंतर लांबचं वाटतं, पण नाही. बाबिलोनच्या कायद्यात बाप मेल्यावर वाटणी कशी करायची ते सांगताना 'मेला' असं म्हणत नाहीत. म्हणतात, 'अना शिम्तिम इत्तल्कू', तो आपल्या नेमून दिलेल्या नशिबाकडे गेला. इश्तार देवी पाताळात उतरते त्या काव्याच्या सुरुवातीलाच ते घर येतं ज्यात शिरलेला बाहेर पडत नाही, आणि ती 'खर्रानू' येते जिच्या 'अलक्तू'ला परतणं नाही. आणि आपण? आपणही 'गेले' म्हणतो. फोनवर कुणी 'काका गेले' म्हणालं तर 'कुठे?' असं आपण विचारत नाही. जे अक्कादीत आणि मराठीत आडून म्हटलं जातं ते अरबीत थेट शब्दाचा अर्थ होऊन बसलं.

हाच अरबी 'हलाक' फारसीत गेला आणि फारसीतून दख्खनच्या कारभारात आला. मराठीत त्याच्या 'क'चा 'ख' झाला: हलाख, हलाखी. हलाखीची परिस्थिती, हलाखीत काढलेले दिवस. मरणाचा अर्थ निवळून दैन्यावर आला. हिब्रू हलाखातला 'ख' निराळ्या कारणाने आला, घासून उच्चारलेल्या 'क'चा. दोघांचं सारखं दिसणं हा योगायोग आहे. पण दोघांच्या पोटात तीच तीन व्यंजनं आहेत.

आज अश्दोदमध्ये, दिमोनात, लोदमध्ये बेने इस्रायली घरं आहेत. तिथल्या नातवंडांना शाळेत जातो म्हणायचं तर ते 'अनी होलेख' म्हणतात. हम्मुराबीच्या शिपायाचं क्रियापद, त्याच साध्या अर्थाने. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मराठीतून जुने दिवस सांगताना 'हलाखी' म्हटलं तर तोच धातू अरबस्तान, इराण आणि कोकण फिरून त्या घरात पुन्हा आलेला असतो.